गेटापाशी बंद पडणारी गाडी

मी गॅरेजवाला माणूस. भूममध्ये ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे माझं, आणि खरं सांगायचं तर माझं पोट कानावर चालतं. ट्रॅक्टर अजून कोपऱ्यावर वळतोय तोवर मला कळतं की आत काय खटखटतंय. आजवर एकही आवाज असा आला नाही की ज्याला कारण नव्हतं. कारण सापडायला वेळ लागतो, कधी गिऱ्हाइकाच्या शिव्या खाव्या लागतात, पण सापडतं. त्यामुळं या ग्रुपवर लोक जे भुताखेतांचे अनुभव लिहितात — पैंजणांचा आवाज, मागून आलेली हाक वगैरे — ते मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि दोघं मिळून हसायचो. कुणाला राग आला तर येऊ द्या, पण मी त्यातला माणूस नाही हे आधी लक्षात घ्या.

आता लिहायची पाळी माझ्यावर आली आहे. गाडीच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तशी गाडी आपल्या भागात एकच आहे, नाव वाचलं की लोक मोबाइल घेऊन बघायला येतील, आणि आमच्या काकूंना आता माणसांची वर्दळ सोसत नाही.

तर गाडी माझ्या काकांची. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, जनावरांचे डॉक्टर. सगळी नोकरी परंडा तालुक्यातच झाली आणि घरही त्यांनी परंड्यातच बांधलं, भूम रोडला, गावाच्या कडेला. त्यांच्या बरोबरीचे डॉक्टर फटफटी घेत होते तेव्हा यांनी हैदराबादहून ही गाडी आणली. तिथं कुण्या जहागीरदाराच्या घरचं सामान विकायला निघालं होतं. विलायती, दोन सीटची, कापडी टपाची, आणि बुटकी इतकी की शेजारून म्हैस चालली तर म्हशीचं पोट दिसावं. शर्यतीची गाडी ती, तिच्यावर बसून हे गाईम्हशी तपासायला वस्त्यावस्त्यांवर जायचे. पावसाळ्यात काळ्या रानात रुतली की ज्याचा बैल आजारी असेल त्याचाच दुसरा बैल जुंपून ती बाहेर काढायची. सगळा तालुका हसायचा. काकाही हसायचे, पण गाडी काही बदलली नाही.

दोन सीटांपैकी एकीवर काका आणि दुसरीवर औषधांची पेटी. काकू त्या गाडीत कधी बसल्याच नाहीत. एकदा मीच विचारलं होतं तर म्हणाल्या, "पेटी कुठं ठेवायची मग? मांडीवर?"

काकांची एक सवय होती. घरी आले की गेटापाशी थांबायचे, आणि चावी फिरवायच्या आधी एकदा रेस द्यायचे. घर्रर्र... आणि मग बंद. जुन्या ड्रायव्हर लोकांना असते ही सवय. त्यांचं म्हणणं, अशानं सकाळी गाडी लवकर चालू होते. यात तथ्य किती ते सोडा, पण काकूंसाठी तो निरोप होता. रेस ऐकली की त्या हातातलं टाकून गेट उघडायला यायच्या. गेट उघडलं की पुन्हा गाडी चालू करून काका ती आत घ्यायचे. हॉर्न मात्र कधी वाजवायचे नाहीत. बायकोला हॉर्न वाजवून बोलवायचं नसतं म्हणायचे.

काका गेले ते फिरतीवरच. एका वस्तीवर अडलेल्या गाईचं वासरू काढलं, हात धुवायला बादलीपाशी बसले, ते उठलेच नाहीत. कंपाउंडरनं गाडी आणून घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली. मी तेव्हा आयटीआयला होतो. आज माझी मुलगी कॉलेजला आहे, आणि गाडी तिथंच उभी. त्यांना मूलबाळ नाही, म्हणून आठवड्या-पंधरा दिवसाला मीच परंड्याला चक्कर मारतो.

आता मुद्द्याचं. काकूंना ऐकू येत नाही. बहिऱ्या म्हणावं इतकं कमी. कुकरच्या शिट्ट्या होऊन होऊन डाळ करपते तरी पत्ता नसतो. मी कानाचं मशीन आणून दिलं, ते डबीत घालून देव्हाऱ्यात ठेवलंय, रोज त्यालाही हळदकुंकू लागतं. पण दिवेलागण झाली की या बाई एकदम मान वर करतात, "आले" म्हणतात, पदर सावरून बाहेर जातात आणि गेट उघडून उभ्या राहतात. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, एसट्या, मोटारसायकली. थोडा वेळ थांबून गेट लावतात आणि परत येऊन चुलीपुढं... म्हणजे गॅसपुढं बसतात. हे आम्ही सगळे वर्षानुवर्षं बघत आलोय. म्हातारपण आहे, चालायचंच, असं म्हणून आम्ही ते सोडून दिलं होतं.

मागच्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, मी त्यांना शेतावर न्यायला गेलो. आमच्याकडं येळवशीला घरात कुणी थांबत नाही, सगळे रानात जाऊन भज्जी खातात, आंबील पितात. काकू काही केल्या निघेनात.

"चला की काकू. सांच्याला आणून सोडतो," मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो.

"नगं रे सतीश. उशीर झाला तर गेट कोण उघडंल?"

त्या दिवशी का कुणास ठाऊक, मी खाली बसलो आणि पहिल्यांदाच विचारलं, "काकू, तुमी गेट उघडता. मग फुडं काय व्हतं?"

"फुडं काय. बंद पडती की गाडी." काकूंनी अगदी साधेपणानं सांगितलं, दूध नासलं हे सांगावं तसं. "गेटापतूर येत्यात. रेस देत्यात. म्या गेट उघडते तवर बंद. आत यायची म्हणली तर फिरून चालू व्हायला पायजे ना. इंजिन जाम हाय तिचं. कसं येतील आत?"

मी वळून शेडकडं बघितलं. काकू बोलतच होत्या.

"इतकी सालं झाली, दाराशी येऊन माघारी जात्यात. लई जीव तुटतो रं. तू एवढ्याल्या ट्रॅक्टरची इंजिनं खोलतोस. तेवढं एक मोकळं करून दे."

काकूंनी आजवर माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मी हो म्हणालो. मनात म्हटलं, गाडी चालू करून यांच्या डोळ्यांपुढं आत आणून लावू, म्हणजे ह्यांचा जीव शांत होईल. दिवेलागणीला रस्त्यावर येणं तरी थांबेल, त्या उसाच्या ट्रॅक्टरांची मला धास्तीच होती. शिवाय खोटं कशाला बोलू, ते इंजिन खोलायची माझी पहिल्यापासून हौस होती.

काम सुरू केलं. जाम इंजिन सोडवायची आमची एक ठरलेली रीत असते. प्लग काढायचे, सिलेंडरमध्ये डिझेल आणि गिअरचं लाल तेल मिसळून भरायचं आणि वाट बघायची. गंज असेल तर तेल झिरपतं, मग पुढून हँडल लावून हळूहळू मागंपुढं करायचं. जोर करायचा नाही, जोर केला की रॉड वाकतो. मी दर खेपेला जायचो, तेल भरायचो, हँडलला लोंबकळायचो. इंजिन केसभर हलेना. बरं, वरून ओतलेलं तेल खाली उतरेचना. जसंच्या तसं वर उभं. गंजलेल्या इंजिनात असं होत नाही. तेव्हा मला जरा चक्रावल्यासारखं झालं.

शेवटी इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, खोललं. आत बघतो तर गंजाचा मागमूस नाही. पिस्टनवर आणि चारी बाजूंच्या फटीत पिवळाजर्द, काचेसारखा कडक थर. स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडला तर पापुद्रे निघाले, बाभळीच्या डिंकासारखे. हे काय लचांड आहे ते कळेना. म्हटलं गरम करून बघावं, म्हणून स्टोव्हची ज्योत धरली. थोड्या वेळात शेडभर वास सुटला. भजी तळल्याचा.

काकू दारात आल्या. "काय तळायलास रं?"

मी त्यांच्याकडं बघितलं आणि माझी ट्यूब पेटली. आमच्या भागात तळणाला करडीचं तेल. घाण्याचं. त्याचाच वास होता तो.

"काकू, हितं तेल सोडलं व्हतं का कुणी?" मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो.

"म्याच सोडते की. दर शनवारी." काकूंनी खिळ्याला टांगलेला प्लग-पाना दाखवला. माझ्या गॅरेजमध्ये नसेल इतका लख्ख पाना. "मारुतीला तेल घालून आले की उरल्यालं गाडीला. चारी भोकात पळी पळी. त्यांनीच शिकविलं व्हतं, पुण्याला ट्रेनिंगला गेलते तवा. म्हणले, म्या नसलो तर गाडीला तेल सोडत जा, न्हाय तर इंजिन जाम व्हईल."

काका म्हणाले होते इंजिनाचं तेल. ते वेगळं सांगावं लागेल असं त्यांच्या डोक्यातही आलं नसेल. आणि काकूंच्या घरात तेल म्हणजे करडीचंच, तेही देवाला चालणारं, घाण्याचं. हे तेल उघड्यावर राहिलं की घट्ट होत जातं, कढईच्या काठाला राप बसतो ना, तसं. इंजिन जाम होऊ नये म्हणून या बाईनं प्रत्येक शनिवारी जे केलं, त्यानंच ते जाम झालं होतं. मी हातातला स्टोव्ह बंद केला आणि उगाचच पाने आवरत बसलो.

"कशानं धरलंय, कळलं का?" त्यांनी विचारलं.

"गंजानं," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

चेन-पुलीला टांगून इंजिन बाहेर काढलं आणि पिकअपमध्ये घालून भूमला आणलं. थिनरमध्ये भिजवलं, खालून लाकडी दांडा लावून ठोकलं, तेव्हा कुठं पिस्टन एकेक करून सुटले. ब्लॉक बार्शीला रियाजभाईकडं नेला. रियाजभाई म्हणजे माझा जुना दोस्त, त्याचं लेथ आणि बोअरिंगचं काम. त्यानं सिलेंडरमध्ये बोट फिरवलं आणि बघतच राहिला.

"सतीशभाऊ, इतकी वर्षं उभी होती म्हणता? गंजाचा एक दाणा न्हाय. नुसतं पॉलिश मारून भागतंय."

मी त्याला करडीच्या तेलाचं सांगितलं. आधी तो पोट धरून हसला. मग लेथ बंद करून स्टुलावर बसला आणि म्हणाला, "भाभीसाब अच्छी हैं ना?" त्याला काकू म्हणायचं होतं. मी म्हटलं, आहेत बऱ्या.

इंजिनात तसं एकच दुखणं निघालं. तिसऱ्या सिलेंडरचा एक व्हॉल्व्ह जळालेला होता, कडेला चतकोर तुकडा उडालेला. म्हणजे काका गेले तेव्हा गाडी तिसऱ्या ठोक्याला मिस करत चालत असणार. तो व्हॉल्व्ह मी काढून ड्रॉवरमध्ये टाकला. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आता ती संध्याकाळ सांगतो. ब्लॉक बार्शीला लेथवर होता, हेड आणि बाकीचे भाग भूमला माझ्या टेबलावर. परंड्याच्या शेडमध्ये नुसता गाडीचा सांगाडा, बॉनेटखाली मोकळी जागा. मी वायरिंग बघायला म्हणून गेलो होतो. गाडीच्या पुढं वाकून वायरा निवडत होतो. सूर्य नुकताच मावळला होता, दिवा लावायला अजून अवकाश होता.

भूमच्या बाजूनं गाडी आली.

मी डोकं वर काढलं नाही. नुसतं कानांनी ऐकलं, सवयीनं. चार सिलेंडर, पेट्रोल, जुना सायलेन्सर. गिअर उतरवला. घराच्या अलीकडं वेग कमी झाला. आणि ठोका मला स्पष्ट कळला — तिसरा सिलेंडर मिस करतोय. एक-दोन-खाली-चार, एक-दोन-खाली-चार. मनात आलंसुद्धा, कुणाची आहे ही, व्हॉल्व्ह गेलाय हिचा. गाडी गेटापाशी थांबली. रेस... घर्रर्र. आणि बंद.

तेव्हा माझ्या हातातून वायर सुटली.

बाहेर आलो तर काकू गेट उघडून उभ्या. रस्ता रिकामा. धूळ नाही, धुराचा वास नाही, लांब कुठं लाल दिवा नाही. जाणारी गाडी असती तर जातानाचा आवाज यायला हवा होता, तोही नव्हता. 

काकूंनी वळून माझं तोंड बघितलं. "आयकलास?"

मी मान हलवली.

इतकी वर्षं कुणी त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता, मीही नाही. त्यांनी मला ना टोमणा मारला, ना काही. फक्त माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "मग लवकर कर रं बाबा. कितीदा माघारी धाडायचं?"

त्या रात्री भूमला परत येताना मी मोटारसायकल फार हळू चालवली. बायकोला सांगितलं. ती हसली नाही. ती म्हणाली, "मग तुमी ते इंजिन जोडूच नका." का, म्हणून विचारलं तर तिला सांगता येईना. नुसतं वाटतंय म्हणाली. मी म्हटलं, काकूंनी एवढं एकच मागितलंय आयुष्यात. आता अर्ध्यावर सोडू?

आणि मी जोडलं. असं जोडलं की आजवर एकही इंजिन तसं जोडलं नसेल. रिंगा मुंबईहून मागवल्या, गॅस्केट तांब्याच्या पत्र्यातून हातानं कापलं, तिसऱ्या सिलेंडरला नवा व्हॉल्व्ह घासून बसवला. पाडव्याच्या आसपास इंजिन परंड्याला नेऊन गाडीत चढवलं. रियाजभाईही आला होता. पहिल्या हँडलला फुसफुसली, मग थोडं इकडंतिकडं केलं, आणि चालू झाली. शिलाई मशीन चालावं तशी, एक ठोका इकडचा तिकडं नाही. रियाजभाईनं मला मिठी मारली.

काकू गाडीपुढंच उभ्या होत्या. त्यांनी आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघून विचारलं, "झाली का चालू?" मी त्यांचा हात धरून बॉनेटवर ठेवला. हाताखाली थरथर लागली तशा त्या हसल्या. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

त्या दिवशी काकू पहिल्यांदा त्या गाडीत बसल्या. हिरवी इरकल नेसल्या होत्या. मी त्यांना गावातल्या किल्ल्यापर्यंत नेऊन आणलं. पोरंटोरं मागं पळत होती, लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. काकूंनी एका हातानं डोक्यावरचा पदर धरला होता आणि दुसऱ्या हातानं सीट चाचपत होत्या. "पेटी ठिवायचे ते हितं," म्हणाल्या. घरी येऊन मी गाडी गेटातून आत घेतली आणि अंगणात लावली. काकूंनी गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

"आता अडचण न्हाय," त्या म्हणाल्या.

निघताना मी त्यांना बजावलं, "काकू, आता इंजिनात करडीचं तेल सोडू नका. इंजिन नवं केलंय. तेलाचं मी बघतो." त्यांनी बरं म्हटलं. प्लग-पानाही माझ्या हातात दिला. खिळा तेवढा रिकामा राहिला.

त्या संध्याकाळी त्या गेट सताड उघडून पायरीवर बसल्या. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मी पुढच्या चकरेला गेलो तेव्हा काकूंनी आल्याआल्या विचारलं, "इंजिन नीट हाय ना रं?" मी चालू करून दाखवलं. पुन्हा हात बॉनेटवर ठेवून बघितलं त्यांनी. म्हणाल्या, "नीट हाय. मग का येईनात?"

त्यानंतर आजतागायत तो आवाज आलेला नाही. त्यांनाही नाही आणि मलाही नाही. मी कितीतरी संध्याकाळी गेटापाशी मुद्दाम उभा राहिलो. एसटी जाते, मोटारसायकली जातात, कुरकुरणारं ट्रेलर जातं. बास.

काकूंचं जेवण कमी झालं. दिवेलागणीला त्या मान वर करीनाशा झाल्या. माझ्याच्यानं ते बघवेना. एका संध्याकाळी मी गाडी गुपचूप ढकलत बाहेर काढली, भूमच्या बाजूला वळणापर्यंत नेली, चालू केली आणि बरोब्बर दिवेलागणीला गेटापाशी आणून थांबवली. काकांसारखी रेस दिली आणि चावी फिरवली. लबाडी होती, माहीत आहे. पण त्या एकदा उठून बाहेर आल्या असत्या तरी मला चाललं असतं.

दार उघडं होतं. आत काकू पाटावर बसून मेथी निवडत होत्या, मला पाठमोऱ्या दिसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी पुन्हा चालू करून पुन्हा रेस दिली. जोरात. समोरचा दुकानदार बाहेर येऊन बघायला लागला. काकूंची मान खालीच. एकेक पान खुडणं चाललं होतं.

खऱ्या गाडीचा आवाज त्यांना येतच नव्हता हो. यायचाच नव्हता, बहिऱ्या बाई त्या. पहिल्या दिवशीही आला नव्हता. म्हणून तर हात ठेवून बघत होत्या. शेडमधल्या मुक्या इंजिनाचा आवाज ज्यांना इतकी वर्षं रोज ऐकू आला, त्यांना मी जोडलेलं इंजिन एकदाही ऐकू आलं नाही. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसून राहिलो.

शेवटी आत जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, दारातून गेटापाशी उभ्या गाडीकडं बघितलं, आणि मी काय केलंय ते त्यांना सगळं कळलं. रागावल्या नाहीत. जुडीतली मेथी बाजूला सारली.

"मला वाटायचं, माझ्यासाठी येत्यात," त्या म्हणाल्या. "गाडीसाठी येत व्हते रं ते. गाडी नीट झाली, मन भरलं. आता कशाला येतील?"

"तसं न्हाय काकू," मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो. "त्या दिवशी मी बी आयकलं. तवा इंजिन बार्शीला व्हतं. हितं गाडीच नव्हती धड. कशासाठी आले मग? तुमच्यासाठीच आले."

काकूंनी मेथीची जुडी पुन्हा पुढं ओढली.

"मग आता का येत न्हाईत?"

ड्रॉवरमधला तो जळका व्हॉल्व्ह मी किती वेळा हातात घेऊन बसतो. मला ऐकू आलेला ठोका याचाच होता हे मी छातीवर हात ठेवून सांगेन, आणि तेव्हा हा व्हॉल्व्ह सुटा होऊन भूमच्या ड्रॉवरमध्ये पडला होता हेही सांगेन. दोन्ही एकदम कसं खरं, ते विचारू नका. आणि आवाज थांबला तो कशानं? व्हॉल्व्ह बदलल्यानं, तो थर खरवडल्यानं, की शनिवारचं तेल मी बंद केलं म्हणून? एकाच वेळी मी सगळंच केलं होतं. गॅरेजमधल्या पोरांना मी नेहमी ओरडतो की एका टायमाला एकच गोष्ट बदला, म्हणजे फॉल्ट कळतो.

मागच्या शनिवारी मी परंड्याला गेलो ते घाण्याचं करडीचं तेल घेऊनच. काकू मारुतीला जाऊन आल्या. मी बॉनेट उघडलं, माझ्या हातानं चारी प्लग काढले, प्लग-पाना पुसून परत खिळ्याला टांगला आणि काकूंच्या हातात पळी दिली.

"खराब व्हईल ना रं," त्या म्हणाल्या. "तूच म्हणलास, सोडू नका."

म्हणजे इंजिन कशानं धरलं होतं ते त्यांना कळलं होतं, मी गंज म्हणालो होतो ते त्यांनी खरं धरलं नव्हतं. मी म्हटलं, "व्हऊ द्या."

त्यांनी चारी भोकात पळी पळी तेल सोडलं, अगदी सावकाश, एक थेंब बाहेर न सांडता. मी परत प्लग बसवले. संध्याकाळी आम्ही दोघं पायरीवर बसलो. कुणी आलं नाही.

तुमच्यापैकी कुणाला यातलं कळत असेल तर सांगा, मी आता हसणार नाही. मागच्या खेपेला ते इंजिन जाम व्हायला किती वर्षं लागली होती ते मला माहीत नाही. ते पुन्हा जाम झाल्यावरच काका येणार असतील तर तेवढीच लागतील, आणि काकूंचं वय झालंय.